मराठवाड्यात वराहपालन: पहिल्या दहा जनावरांसाठी जात कशी निवडावी

लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विदेशी डुकराचा नर पूर्ण वाढीला ३०० ते ४०० किलो भरतो, हा आकडा वाचून बरेच जण यॉर्कशायरची पिल्ले शोधायला निघतात. हाच यॉर्कशायर मोंढ्यातल्या भाजीपाल्यावर आणि हॉटेलच्या खरकट्यावर वाढवला, तर वर्षभरात गावरान डुकराच्या फार पुढे जात नाही. वर आजारपणाचा खर्च वेगळा. जातीच्या अंगात वाढ असते, पण ती बाहेर काढते खाद्य. म्हणून जात हा पहिला प्रश्न धरू नये. गिऱ्हाईक, खाद्य, पाणी आणि ऊन यांची उत्तरे आधी मिळाली की जातींच्या लांबलचक यादीतून दोन-तीनच नावे उरतात.

आधी गिऱ्हाईक

कोंबडी किंवा बोकड गावात कुठेही विकता येतो, डुकराचे तसे नाही. मराठवाड्यात या मांसाची स्थानिक मागणी मर्यादित आहे आणि ती ठरावीक वस्त्यांत, ठरावीक विक्रेत्यांकडे असते. वडार आणि कैकाडी समाजात हा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. भाव, वजन, कोणत्या महिन्यात उठाव असतो याची खरी माहिती त्यांच्याकडे मिळते, प्रकल्प अहवालात नाही. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे हैदराबाद, पुणे, मुंबई अशा मोठ्या शहरांसाठी जिवंत माल उचलणारा व्यापारी. नांदेड, लातूर, उदगीरकडच्या माणसाने हैदराबादची चौकशी आधी करावी, अंतर कमी पडते.

व्यापाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात: किती वजनाचा माल उचलता, काळा की पांढरा, एका गाडीला किमान किती नग लागतात, आणि भाव काट्यावर की अंदाजाने. स्थानिक विक्रेत्याला ३५-४० किलोचे काळे जनावर हवे असेल तर ९० किलोचा पांढरा यॉर्कशायर त्याच्या कामाचा नाही. उलट, गाडी भरून नेणाऱ्याला लहान गावरान माल परवडत नाही. तोंडी का होईना, विक्रीची सोय ठरल्याशिवाय पिल्ले आणू नयेत. डुक्कर वजनाला आल्यावर थांबवून ठेवता येत नाही. १०० किलोच्या पुढे ते जे खाते त्यातला वाढता भाग चरबीत जातो आणि दर किलो वजनामागचे खाद्य वाढत जाते.

खाद्याचा हिशेब

संकरित किंवा विदेशी रक्ताच्या डुकराला नीट खुराक दिला तर एक किलो वजन वाढायला साधारण ३ ते ३.५ किलो खाद्य लागते. १५ किलोचे पिल्लू ९० किलोपर्यंत न्यायचे म्हणजे ७५ किलो वाढ, म्हणजे सुमारे २६० किलो खाद्य. दहा जनावरांना २६ क्विंटल. आजच्या मक्याच्या आणि सोयापेंडीच्या भावाने हा आकडा गुणून पाहावा. ती रक्कम सहा महिन्यांत घालता येणार नसेल, तर जातीबद्दलची पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही. गावरान किंवा कमी विदेशी रक्ताचे जनावर घ्यावे.

मराठवाड्याची जमेची बाजू अशी की डुकराला लागणारा बहुतेक कच्चा माल इथेच पिकतो. सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात मका, लातूरच्या तेल गिरण्यांची सोयाबीन पेंड, डाळ मिलची तूर आणि हरभऱ्याची चुनी. १५ ते ५० किलो वजनापर्यंत चालणारे १०० किलो मिश्रण असे करता येते: मका भरडा ५८ किलो, सोयाबीन पेंड २२ किलो, गव्हाचा कोंडा साडेसतरा किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ अर्धा किलो. ५० किलोच्या पुढे प्रथिने थोडी कमी चालतात, तेव्हा मका ६०, सोयापेंड १४, चुनी १०, कोंडा साडेतेरा, खनिज मिश्रण २ आणि मीठ अर्धा किलो. २० किलोच्या पिल्लाला रोज सुमारे एक किलो, ५० किलोच्या जनावराला दोन, ८० किलोच्या पुढे अडीच ते तीन किलो लागते.

तीन चुका या भागात हमखास होतात. पहिली, सरकी पेंड. म्हशीला चालते म्हणून डुकरालाही घातली जाते. सरकीतला गॉसिपॉल हा विषारी घटक रवंथ करणारे जनावर बऱ्यापैकी पचवते, डुक्कर नाही; काही आठवड्यांत धाप लागते, वाढ थांबते, जनावर अचानक मरते. दुसरी, घरचे सोयाबीन कच्चेच भरडून घालणे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, ते भाजल्याशिवाय जात नाहीत. पिल्ले भरपूर खातात आणि खुरटतात. तिसरी, पावसात भिजलेला बुरशी आलेला मका स्वस्तात घेणे. बुरशीच्या विषाने यकृत खराब होतेच, शिवाय मादी पिल्लांची योनी माजावर आल्यासारखी सुजते आणि मोठ्या माद्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. नवा मका चांगला वाळवून, दाताखाली कडक फुटेल इतका झाल्यावरच साठवावा.

हॉटेलचे खरकटे वापरायचेच असेल तर उकळी फुटल्यावर अर्धा तास, ढवळत उकळावे. त्यात मांसाचे तुकडे, विशेषतः डुकराचे, नकोतच. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू मांसात दीर्घकाळ टिकतो. हा रोग भारतात २०२० मध्ये ईशान्येत पहिल्यांदा आढळला. त्यावर आपल्याकडे वापरात लस नाही, उपचारही नाही. माणसाला तो होत नाही, पण कळप संपवतो.

ऊन आणि पाणी

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. हवा ३०-३२ अंशांच्या पुढे गेली की ते खाणे कमी करते, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. पांढऱ्या कातडीच्या जातींना ऊन थेट भाजते: कानाच्या मागे, पाठीवर कातडी लाल होते, सोलते. काळ्या जनावराची कातडी भाजत नाही, पण उघड्यावर तेही तापते. गावरान टिकते ते मुख्यतः लहान अंगामुळे आणि वाढीचा वेग कमी असल्यामुळे. जे जनावर वेगाने वाढते ते जास्त खाते, आणि जास्त खाणाऱ्याच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते. म्हणजे जितकी सुधारित जात, तितकी उन्हाळ्याची सोय चोख हवी.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत कमी येते. पत्र्याची मधली उंची १० ते १२ फूट, पत्र्यावर पाचट किंवा तुराट्यांचा जाड थर. वाढत्या प्रत्येक जनावराला १२ ते १५ चौरस फूट छताखाली, आणि शक्य असेल तर तितकीच मोकळी जागा. दुपारी ११ ते ५ दर अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटे पाण्याचा फवारा मारावा आणि मध्ये अंग सुकू द्यावे. गारवा पाण्यापेक्षा पाणी सुकण्याने येतो. भिंती वरपर्यंत बांधून आत फॉगर लावला तर नुसती दमट वाफ साचते आणि जनावर आणखी बेजार होते. भिंत कमरेइतकी, वर जाळी.

दहा मोठ्या जनावरांना उन्हाळ्यात पिणे, धुणे आणि फवारा मिळून रोज ३५० ते ४०० लिटर पाणी धरावे. ज्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतो तिथे बारमाही कळप ठेवण्याआधी दोनदा विचार करावा. अशा गावासाठी सोपा मार्ग आहे: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिल्ले आणायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये विकून शेड रिकामे करायचे. डुकरे सर्वांत जास्त खातात तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर, नवा मका आणि सोयाबीन बाजारात असते. उन्हाळा येईपर्यंत माल गेलेला असतो. पावसाळ्यातल्या ओल्या फरशीवर लहान पिल्ले खोकतात आणि हगवण लागते, तेवढे पहिले दीड-दोन महिने कोरडे गवत किंवा भुसा अंथरून सांभाळावे लागतात.

जाती, इथल्या नजरेने

लार्ज व्हाइट यॉर्कशायर. पांढरी, कान ताठ उभे, अंग लांब. एका वेताला १०-१२ पिल्ले, दूध चांगले, मादी पिल्ले जपते. भारतात सर्वांत जास्त वापरलेली विदेशी जात हीच, त्यामुळे वेगवेगळ्या फार्मवरून नवे रक्त मिळवणे सोपे जाते. चांगल्या खुराकावर सात-आठ महिन्यांत ९० किलोच्या आसपास येते. ऊन हा तिचा शत्रू.

लँडरेस. मूळची डेन्मार्कची, तीही पांढरी, पण कान पुढे डोळ्यांवर झुकलेले आणि अंग आणखी लांब. मादी म्हणून उत्तम. मात्र लांब पाठ आणि नाजूक पाय यामुळे गुळगुळीत सिमेंटच्या फरशीवर लंगडण्याचे प्रमाण जास्त. नवख्याने शुद्ध लँडरेसने सुरुवात करू नये.

ड्युरॉक. अमेरिकेतली तांबूस-तपकिरी जात. वाढ जोरदार, मांसाची प्रत चांगली, अंग दणकट. मादीचे वेत मात्र पांढऱ्या जातींपेक्षा लहान असते. म्हणून ड्युरॉकची मादी नव्हे, नर घ्यायचा, आणि तोही विक्रीची पिल्ले काढण्यासाठी.

हॅम्पशायर काळी, खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा. ईशान्येत काळ्या जनावराला पसंती असल्यामुळे तिथल्या संकरांत ती खूप वापरली गेली. गुवाहाटीजवळच्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हे वाण काढले. घुंगरू ही उत्तर बंगालची काळी देशी जात, वेत मोठे, स्वभाव शांत. व्हिडिओ पाहून हिची मागणी करणारे बरेच भेटतात. पण तिची हवा दमट, अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात, आणि पूर्वेकडून जिवंत डुकरे आणणे म्हणजे आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा धोका गाडीत बसवून आणणे. इथे तिचा नाद सोडावा. गोव्याची अगोंदा गोवन ही नोंदणीकृत देशी जात काटक आहे, पण लहान आहे आणि किनाऱ्याच्या हवेला सरावलेली आहे.

आपले गावरान. काळे, राठ केसांचे, लांब तोंडाचे. वर्षभरात बहुधा ३५ ते ५० किलो, खाद्याच्या मानाने वाढ कमी. पण हलक्या खाद्यावर तग धरते, उन्हाला डगमगत नाही, मादी आपली आपण विते. गावात मोकाट फिरलेले जनावर मात्र घेऊ नये, त्याच्यासोबत जंत, खरूज आणि क्लासिकल स्वाइन फिव्हर (आफ्रिकनपेक्षा वेगळा रोग, याची लस असते) येतो.

या सगळ्यांतून मराठवाड्यातल्या नवख्यासाठी पहिली पसंती द्यावी ती यॉर्कशायर आणि देशीच्या संकराला: गाडीचा व्यापारी आणि विकतचा खुराक असेल तर ७५ टक्के यॉर्कशायर रक्त, खुराक अर्धामुर्धा असेल तर ५० टक्के. दक्षिणेतल्या विद्यापीठांनीही हेच प्रमाण धरले. तिरुपतीचे टी-१७ आणि तमिळनाडूचे केपीएम गोल्ड ही दोन्ही वाणे ७५ टक्के यॉर्कशायर, २५ टक्के देशी आहेत. १०० टक्के शुद्ध जनावर नंतर, तेही नर म्हणून.

पांढरे ते सगळे यॉर्कशायर नव्हे

यॉर्कशायरचा पांढरा रंग काळ्यावर मात करतो. शुद्ध यॉर्कशायर नर आणि काळी गावरान मादी यांची पिल्ले बहुतेक पांढरीच निघतात, फार तर कातडीवर निळसर-काळे ठिपके दिसतात. त्यामुळे रंग बघून ‘प्युअर’ म्हणून दिलेला भाव फुकट जाण्याची शक्यता मोठी. पिल्लू नव्हे, त्याचे आई-बाप पाहावेत. आईचे तोंड लांब निमुळते, पोट लोंबते आणि पाठ खोलगट असेल तर त्यात देशी रक्त बरेच आहे. कान अर्धवट झुकलेले असतील तर लँडरेसची मिसळ. संकर असणे वाईट नाही. संकराला शुद्धाचा भाव देणे वाईट. ज्या फार्मवर पिल्लांच्या कानाला खुणा आणि नोंदवहीत नर-मादीचे क्रमांक नसतील, तिथे टक्केवारीच्या गप्पा ऐकून सोडून द्याव्यात.

पिल्लू हातात घेऊन काय पाहायचे

दूध तुटून आठवडा-दोन आठवडे झालेले, साधारण दोन महिन्यांचे, १० ते १५ किलोचे पिल्लू घ्यावे. त्याहून लहान स्वस्त मिळते, पण दूध तुटणे, प्रवास आणि नवे खाद्य हे तीन ताण एकदम आले की हगवणीने जाते. दोन महिन्यांचे होऊनही आठ किलोचे असेल, तर ते त्या वेतातले मागे पडलेले आहे.

सकाळी खाद्य घालायच्या वेळी जावे. आरडाओरडा करत पुढे येणारी पिल्ले निवडावीत. शेपटीभोवती लडबड, खोकला, अंग घासणे, कानाच्या आत खपल्या (ही खरूज) असेल तर संपूर्ण खोली सोडावी, एक पिल्लू नव्हे. मग एकेक उचलून बेंबीजवळ आणि जांघेत हात फिरवावा; मऊ गोळा लागला तर हर्निया. नराचे दोन्ही वृषण खाली आहेत का पाहावे. खच्चीकरण झालेले असेल तर जखम पूर्ण भरलेली हवी. मांसासाठी वाढवायच्या नरांचे खच्चीकरण लहानपणीच झालेले बरे, नाहीतर मोठेपणी मांसाला उग्र वास येतो. मादी पुढे पैदाशीला ठेवायची असेल तर आत्ताच सड मोजावेत: किमान १२, जमल्यास १४, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, एकही आत वळलेला नको. मुके सड असलेल्या मादीखाली दहा पिल्ले असली तरी जगतात तेवढीच, जेवढे सड चालू असतात.

क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस कोणत्या तारखेला दिली आणि जंताचे औषध कधी पाजले हे विचारावे. लस झाली नसेल तर पिल्ले आणून, आठवडाभर स्थिरावू देऊन, पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. डुकरांचा अनुभव असलेला डॉक्टर तालुक्याला नसेल तर तिथे विचारता येते. पहिल्या दिवशी खाद्य निम्मे, पाण्यात इलेक्ट्रोलाइट. जुन्या फार्मवरचे आठवड्याचे खाद्य सोबत आणून हळूहळू आपल्या मिश्रणावर न्यावे. कळपात आधी जनावरे असतील तर नवी पिल्ले महिनाभर वेगळ्या शेडमध्ये, वेगळ्या बादल्या आणि वेगळ्या चपलांसह. दारात चुना. व्यापाऱ्याची गाडी शेडपाशी कधीही येऊ देऊ नये, ती चार फार्म फिरून आलेली असते. रानडुकरांचा वावर असलेल्या शिवारात कुंपण दुहेरी घालावे.

जात उतरली की नाही, हे टेप सांगतो

काटा नसला तरी वजन काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मध्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये मोजावीत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, उत्तर किलोत. घेर १ मीटर आणि लांबी १ मीटर असेल तर वजन सुमारे ६९ किलो. दर पंधरा दिवसांनी चार ठरलेली जनावरे मोजावीत. १५ ते ९० किलोचा प्रवास सहा महिन्यांत करायचा तर रोज सरासरी ४०० ग्रॅमच्या थोडी वर वाढ हवी. सुरुवातीला कमी, पुढे जास्त, हे चालेल. महिनाभर ३०० च्या खाली अडकली असेल तर जातीला दोष देण्याआधी क्रमाने बघावे: पाणी पुरते का, जंत, खाद्यात भेसळ, गर्दी. सगळे ठीक असून एकाच फार्मची पिल्ले मागे पडत असतील, तर दोष त्या फार्मच्या रक्तात आहे. अंदाजाने भाव करणारा व्यापारी आला की हाच टेप पुन्हा उपयोगी पडतो.

पैदास कधी, कोणत्या नराने

पहिली एक-दोन खेपी फक्त मांसासाठी वाढवून विकावीत. पैदास हे वेगळे काम आहे, त्यात रात्री जागावे लागते. दोन-तीन माद्यांसाठी नर पोसणे परवडत नाही आणि शेजारचा नर आणला तर रोगही येतो; म्हणून पैदास करायची तर पाच-सहा माद्या आणि एक नर इथून सुरुवात. एक नर दहा माद्यांना पुरतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के अनुदान आहे, पण ते ५० माद्या आणि ५ नर एवढ्या मोठ्या प्रकल्पापासून सुरू होते. अनुदानासाठी पहिल्याच वर्षी तिथे उडी मारू नये.

आपल्याच खेपेतल्या जोमदार संकरित माद्या ठेवाव्यात, नर मात्र बाहेरचा, शुद्ध. पुढे माद्या ठेवायच्या असतील तर यॉर्कशायर, सगळी पिल्ले विकायची असतील तर ड्युरॉक. संकरित मादीला संकरितच नर लावला की पहिल्या पिढीचा जोम ओसरतो आणि एकाच वेतात लहान-मोठी, काळी-पांढरी पिल्ले निघतात. गाडीवाला अशा मालाचा भाव पाडतो. भाऊ-बहीण किंवा बाप-मुलगी जुळली तर वेत लहान होते, हर्निया आणि मलद्वार नसलेली पिल्ले दिसू लागतात. म्हणून नराच्या पहिल्या मुली माजावर यायच्या आत नर बदलावा.

मादी आठ महिन्यांची आणि संकरित असेल तर ८०-९० किलोची झाल्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजाला भरवावी. माज दर २१ दिवसांनी येतो, दोन-तीन दिवस टिकतो. पाठीवर दाबल्यावर मादी दगडासारखी उभी राहिली की वेळ योग्य, आणि १२ ते २४ तासांनी पुन्हा एकदा नर दाखवावा. गाभणकाळ ११४ दिवसांचा. ८ डिसेंबरला भरवलेली मादी १ एप्रिलला विते, ६ फेब्रुवारीची ३१ मेला. या दोन तारखांच्या मध्ये आपल्याकडे मादी भरवू नये: विण्याच्या वेळच्या उन्हात तिचे दूध आटते आणि पिल्ले दबून मरतात. उन्हात तापलेल्या नराचे वीर्यही पुढचे चार-सहा आठवडे कमजोर राहते, तेव्हा मे-जूनमध्ये माद्या उलटल्या तर लगेच नर विकायला काढू नये. जुलैअखेर पुन्हा भरवून पाहावे.